नव्वद सेकंदांचा अ‍ॅनिमेशनपट

अकरावीत असताना आम्हा सहा जणांच्या गटाने नेत्रदानाचा प्रचार करणाऱ्या एका संस्थेसाठी नव्वद सेकंदांचा अ‍ॅनिमेशनपट तयार केला. शाळेचे नाव निघाले की मला प्रथम आठवतो तो चित्रकलेच्या वर्गातील फळा आणि त्यावर सरांनी मांडलेला हिशेब : सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे एकूण 2160, प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकवले तरी 1080 चित्रे. हा आकडा पाहून आम्ही गप्प झालो होतो, पण माघार कोणीही घेतली नाही.

पटकथा आणि स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांची चौकटींत काढलेली कच्ची चित्रमालिका, संस्थेने मान्य केले. त्यानंतर स्टोरीबोर्डची चित्रे ध्वनिमुद्रित निवेदनाबरोबर ठरल्या वेळेत जुळवून, म्हणजे अ‍ॅनिमॅटिक तयार करून, ते संस्थेला दाखवायला सरांनी सांगितले होते. चित्रे काढण्याच्या उत्साहात आम्ही ती पायरी गाळली, आणि याची खंत मला आजही आहे. दृष्टी मिळण्याच्या प्रसंगासाठी स्टोरीबोर्डवर केवळ दोन चौकटी आणि त्यांमध्ये एक बाण होता. त्या बाणाचा अर्थ आम्ही आमच्या कल्पनेने लावला आणि दात्याचा डोळा तरंगत येऊन मुलीच्या खोबणीत बसतो, असे दाखवणारी सुमारे दीडशे चित्रे, खालून उजेड देणाऱ्या प्रकाशपेटीवर कागद ठेवून, काढून पूर्ण केली.

ती पाहून संस्थेच्या डॉक्टरबाई काही क्षण बोलल्या नाहीत. मग त्यांनी समजावले की प्रत्यारोपण संपूर्ण डोळ्याचे होत नाही, तर बुबुळावरील पारदर्शक पडद्याचे, म्हणजे कॉर्नियाचे होते. शिवाय नेत्रदानाने मृताचा चेहरा विद्रूप होतो, या ज्या भीतीमुळे अनेक कुटुंबे नकार देतात आणि जी दूर करण्यासाठी हा चित्रपट हवा होता, तीच भीती आमच्या दृश्याने वाढली असती. आमची मेहनत वाया गेली याचे दुःख होतेच, परंतु चुकीची गोष्ट इतक्या मन लावून रंगवली, हे अधिक लागले.

सरांनी कोणालाही दोष दिला नाही. त्यांनी विचारले, "अपारदर्शक झालेला पडदा बदलतात, हे डोळा न दाखवता कसे सांगाल?" गटातल्या एका मैत्रिणीने खिडकीची कल्पना सुचवली : धुरकटलेली काच काढून तिथे स्वच्छ काच बसते आणि आतल्या मुलीला अंगणातले झाड दिसू लागते. या वेळी आम्ही अ‍ॅनिमॅटिक आधी दाखवले, बाईंनी निवेदनातील दोन शब्द बदलले, आणि मगच पेन्सिल हाती घेतली. दोन मुख्य चित्रांमधली हालचाल दाखवणारी मधली चित्रे काढताना झाडाच्या पानांची सळसळ जमवण्यासाठी मी तीन दिवस घालवले, आणि ते दिवस मला अतिशय प्रिय आहेत.

अंतिम प्रत पाहिल्यावर बाईंनी संकोचाने एकच विनंती केली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवण्याची सूचना वाचायला प्रेक्षकांना एक सेकंद अधिक मिळावा, पण त्यासाठी मुलांना पुन्हा चित्रे काढावी लागणार असतील तर राहू द्यावे, असे त्या म्हणाल्या. सरांनी आमच्याकडे पाहिले, आणि आम्ही सर्वांनी एकाच वेळी उत्तर दिले : त्यासाठी एकही नवे चित्र लागणार नव्हते, शेवटचेच चित्र आणखी 24 फ्रेम थांबवायचे होते.