नववीनं दिलेला निरोप

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या शाळेत दहावीला निरोप नववी द्यायची. वर्गणी नववीची, धावपळ नववीची, शिव्याही नववीनंच खायच्या. दहावीनं नटूनथटून यायचं, रडायचं आणि फराळ करून घरी जायचं. त्याचा परिणाम असा, की माझ्या स्वतःच्या सेंड-ऑफमधलं मला धड काही आठवत नाही. आठवतो तो आदल्या वर्षीचा, १९९४ च्या फेब्रुवारीतला. त्यात मी वाढप्या होतो.

संक्रांत झाली, स्नेहसंमेलनाचे पडदे उतरले की आमच्या वर्गशिक्षिका बाई तासाच्या शेवटी चष्मा काढून म्हणायच्या, "आता दहावीचं बघा." बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये, त्याआधी शाळेची सराव परीक्षा. या दोहोंच्या मधल्या फटीत एक शनिवार सापडायचा. त्याच दिवशी हॉल तिकिटंही वाटायची, म्हणजे दहावीतला एकही पोट्टा दांडी मारणार नाही, हा मुख्याध्यापकांचा हिशोब.

वर्गणी दहा रुपये. आज हसू येतं, पण तेव्हा दहा रुपये मागायला घरी वेळ बघावी लागे. माझे बाबा जुन्या अकरावी मॅट्रिकचे. राज्यात दहावीची पहिली तुकडी १९७५ ला निघाली, त्याआधीची ही मंडळी. ते म्हणायचे, "आमच्या वेळी एक पेढा आन् एक फोटो. झाला सेंड-ऑफ. तुम्हाले काहून इतका थाट पाहिजे?" पैसे द्यायचे, पण हे ऐकवल्याशिवाय नाही. वर्गात सात-आठ जणांना दहा रुपये जड जायचे. त्यांच्या नावापुढे बाई स्वतःच बरोबरची खूण करायच्या आणि वही मिटायच्या. ती वही माझ्याकडे होती म्हणून मला कळलं. मीही कोणाला बोललो नाही.

मग कामं वाटली जायची. बिछायतवाल्याकडून सतरंज्या आणि पन्नास खुर्च्या. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे मांडव-खुर्च्या भाड्यानं देणाऱ्या दुकानाला बिछायत केंद्र म्हणतात. द्रोण, कागदी प्लेटा, पताका इतवारीतून. गुलाब बर्डीवरच्या फूल बाजारातून, आणि तेही सकाळी लवकर, कारण उशीर झाला की पाकळ्या गळालेले उरतात. दोघं जण सायकलवर गेले, मागच्या पोट्ट्यानं पिशवी छातीशी धरली होती. थंडीनं दोघांची नाकं गुलाबांपेक्षा लाल.

आमच्या शाळेची एक पद्धत मला इतर कुठे दिसली नाही. दहावीतल्या प्रत्येकाला गुलाब आणि पेनसोबत एक संत्रं द्यायचं. फेब्रुवारीत मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी फुललेली संत्री बाजारात असतात; हिवाळ्यात फुलणारा आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे येऊन जातो. हे मला शेतीच्या पुस्तकातून नाही, संत्र्याच्या खरेदीत समजलं. गुरुजी लोकांच्या रांगेतल्या टेबलावर एकावर एक रचलेला ढीग असायचा आणि भाषण लांबलं की मागच्या बाकांवरून सालींचा वास यायला लागायचा. मुख्याध्यापक भाषण आवरतं घेत ते त्या वासामुळेच, अशी माझी पक्की खात्री आहे.

फिशपॉन्ड हा खरा आकर्षणाचा भाग. मिठाईच्या खोक्याला भोक पाडून ते आठवडाभर वर्गात ठेवायचं. कोणी कोणावर काय लिहायचं ते लिहायचं, पण वाचण्याआधी चिठ्ठ्या बाईंच्या हातून जायच्या. अर्ध्या तिथंच फाटायच्या. उरलेल्यांतल्या काही अजून डोक्यात आहेत. एका लंबूटांगावर होती, "पाऊस आला की आधी याला कळते." दुसरी एका मुलीवर, जिच्या हुशारीचा सगळ्यांना राग होता: "बाई, गृहपाठ तपासायचा राहिला, हे वाक्य शाळेला हिच्याकडून भेट." ती मुलगी सगळ्यात मोठ्यानं हसली. आणि आम्हाला जरा वाईट वाटलं.

त्या दिवशी दहावीच्या मुली साडीत येत. आईची साडी, मावशीचा ब्लाऊज, आणि सगळ्या सायकलवर. गांधी गेटपाशी एकीचा पदर चेनमध्ये अडकला. आमच्या वर्गातला एक जण तिथं अर्धा तास खपला, काळे हात घेऊन शाळेत आला आणि त्याच हातांनी त्यानं स्वागताचं कुंकवाचं ताट धरलं. मुलं मोठ्या भावाचे शर्ट घालून, केसांना पाणी लावून, एकमेकांकडे न बघता बसलेली. ज्यांना आम्ही दोन वर्षं मैदानावर घाबरलो, ते खुर्चीत हात गुडघ्यावर ठेवून बसलेले बघताना फार विचित्र वाटत होतं.

दीपप्रज्वलन झालं, प्रास्ताविक झालं, आणि प्रमुख पाहुणे बोलायला उठले तशी लाईन गेली. माईक मेला. पाहुणे दोन मिनिटं ओरडून बोलले, मग थांबले. तेवढ्यात दहावीतल्या एका दादानं जागेवरूनच बोलायला सुरुवात केली. भाषणाच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. तो शिपाईकाकांबद्दल बोलला. पावसाळ्यात भिजून आलेल्या पोरांचे शर्ट ते चुलीपाशी वाळवायचे, आणि घंटा द्यायला उशीर झाला तर त्याचं कारण हे शर्ट असायचे. काका दाराशीच उभे होते. ते आत आले नाहीत. बाहेर जाऊन त्यांनी घंटेला हात लावला, वाजवली नाही.

सगळ्या कार्यक्रमातलं माझं काम एकच, आलूबोंडे. इतवारीतल्या हलवायाकडून एकशेवीस आणायचे, मोजून घ्यायचे, प्लेटीत दोन-दोन मांडायचे, सोबत तळलेली मिरची आणि एक बुंदीचा लाडू. दहावीचे आणि गुरुजन मिळून साठाच्या आतबाहेर लोक, म्हणजे गणित बरोबर. पडद्यामागे टोपली, टोपलीवर मी. आलूबोंडे गरम होते. पहिला मी चाखण्यासाठी खाल्ला. दुसरा पहिला नीट कळला नाही म्हणून. मग माझे दोन मित्र "मोजून राहिला का बे?" म्हणत आत आले. पुढचं सांगायला नको. शेवटच्या ओळीतल्या प्लेटींत एक-एक गेला, आणि अगदी टोकाला बसलेल्या दोघा-तिघांना नुसता लाडू. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी संत्र्यांकडे बघितलं.

कार्यक्रम संपल्यावर दहावीनं शाळेला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, दर वर्षीसारखं. शाळेत तेव्हाच नऊ घड्याळं होती आणि नऊही वेगवेगळी वेळ दाखवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा वर्ग हॉल तिकीट खिशात घालून टेकडीच्या गणपतीला गेला. ते कोणी ठरवून करत नसे, पण दर वर्षी होत असे.

मागच्या हिवाळ्यात इतवारीत काही कामानं गेलो होतो. एका दुकानाच्या गल्ल्यावर एक टक्कल पडलेला गृहस्थ बराच वेळ माझ्याकडे बघत होता. शेवटी त्यानं शाळेचं नाव घेतलं, मी मान हलवली. मग गप्पा. शिपाईकाकांचं निघालं, त्या घड्याळांचं निघालं. मी विचारलं, तुम्हाला तुमचा सेंड-ऑफ आठवतो का?

"आठवते ना," तो म्हणाला. "मी शेवटच्या लाईनीत होतो. मले फक्त लाडू भेटला होता."

समोरच हलवायाची कढई होती. मी दोन आलूबोंडे सांगितले. एक त्याच्या पुढे सरकवला, मग दुसराही.