तिरकं ऊन आणि अर्धा इंची रिबीन

दुपारचे साडेतीन-चार झाले, पश्चिमेच्या खिडकीतून ऊन भिंतीवर आडवं सरकू लागलं, की चौकटीतल्या भरतकामाचं काही खरं नसतं. सकाळी तेच कापड कसं गुळगुळीत, तुळतुळीत दिसत असतं. आता त्यावर लाटा दिसतात, घड्यांच्या रेघा दिसतात, पोपटाच्या पोटाखालची गाठ मुगाएवढी होऊन वर येते. एकमेकांवरून जाणाऱ्या दोन तिरक्या टाक्यांची एक फुली, अशा शंभर फुल्यांत दहा फुल्या उलट्या पडल्या असतील, म्हणजे वरचा टाका उजवीकडे जायच्या ऐवजी डावीकडे गेला असेल, तर तेवढाच तुकडा वेगळा चमकतो. दिव्याच्या उजेडात हे सगळं झाकून जातं. दुपारचं ऊन मात्र चुगलखोर.

आणि सगळ्यात आधी चुगली होते ती रिबिनीची. चारी बाजूंनी हौसेने लावलेली लाल सॅटिनची रिबीन, सरळ रेषेत जायचं सोडून, सुरवंटासारखी चाललेली असते.

फुल्या मारणं सुखाचं काम आहे. मोजायचं, मारायचं, गप्पा मारत पुन्हा मोजायचं. पण काम झाल्यावर ते भिंतीवर जाईल असं करणं हा हिशेबाचा मामला आहे, म्हणून निम्मी भरतकामं ट्रंकेत घडी होऊन पडतात. घडीवरून आठवलं, भरतकाम घडी घालून ठेवूच नये. जुन्या पांढऱ्या कापडात सैल गुंडाळी करून ठेवावं. पूर्वी इंग्लंडात सँप्लर, म्हणजे टाक्यांचे नमुने भरलेली कापडं, असेच असायचे, लांबट अरुंद पट्ट्यांचे, गुंडाळून पेटीत ठेवलेले. टाका विसरला की पट्टी उलगडून बघायची. आपल्याकडे शिवणाच्या तासाला धावदोरा, टीप, साखळी, काज, हेम यांचे चौकोनी तुकडे वहीत चिकटवून घ्यायचे, तशातलाच प्रकार. चौकोनी होऊन, भोवती नक्षीची किनार घेऊन सँप्लर भिंतीवर चढले अठराव्या शतकात. म्हणजे शोभेची वस्तू होणं ही सँप्लरची दुसरी नोकरी.

आमच्याकडे ही नोकरी ‘सुस्वागतम्’ने केली. मॅटीच्या नाहीतर दुसुतीच्या कापडावर दोन हंस, मध्ये कलश आणि वर हा शब्द. इंग्रजी ‘वेलकम’ लोकांना सोपं का वाटायचं याचं कारण भक्ती नव्हे, गणित आहे. एका फुलीला कापडावरचं एक घर, या मापाने रोमन अक्षर पाच घरं रुंद आणि सात घरं उंच एवढ्यात बसतं. देवनागरीला शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी-मात्रा, खाली उकार, म्हणजे बारा-पंधरा घरांची उंची लागते, आणि ‘स्व’ला कोपऱ्यात दाटीवाटीने बसवताना डोळ्यांत पाणी येतं. शेवटच्या ‘म’चा पाय मोडायला खाली जागा ठेवायचं तर हमखास राहून जातं. अशा वेळी फुलीचा हट्ट सोडून उकार आणि पाय एकपदरी टिपेने काढावेत. दिसायला बरे दिसतात.

तर रिबीन. रिबीन म्हटलं की नाकात पहिल्यांदा जळका वास येतो. सोमवारी सकाळी दोन वेण्या वर घालून बांधायच्या, दातांत पिन, गुडघ्यांत मान धरलेली, आणि रिबिनीचं टोक मेणबत्तीवर हलकंच फिरवून घ्यायचं, म्हणजे दोरे सुटत नाहीत. ते शास्त्र इथेही लागू आहे. टोक तिरकं कापा किंवा मध्ये दुमडून आत खाच पडेल असं कापा, आणि ज्योतीच्या बुडाशी, निळसर भागाजवळ, क्षणभर धरा. पिवळ्या भागात धरली की काजळी बसते आणि पांढरी रिबीन वाया जाते. हे पॉलिएस्टरचं. ते वितळतं आणि कड बंद होते. रेशमी किंवा सुती रिबीन वितळत नाही, पेटते. तिच्या कडेला पाण्यात कालवलेल्या पांढऱ्या गोंदाचं बोट फिरवायचं.

आता सुरवंटाचं कारण. कापड सुती, रिबीन पॉलिएस्टर. सुती कापड धुतल्यावर आटतं, रिबीन आटत नाही. भरतकाम न धुता रिबीन लावली आणि मग कधीतरी ते धुतलं, की कापड आत आणि रिबीन जागच्या जागी. जास्तीची लांबी जाणार कुठे? ती वर उठते. म्हणून धुणं आधी. गार पाणी, सौम्य साबण, चोळायचं नाही, पिळायचं तर मुळीच नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. लाल किंवा गडद निळा दोरा रंग सोडायला लागला तर घाबरून वाळत टाकू नये. पाणी नितळ येईपर्यंत खळबळत राहावं. एकदा वाळून वर इस्त्री फिरली की तो गुलाबी डाग घरचा झाला. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल ठेवून, म्हणजे फुल्या चेपत नाहीत. आणि रिबिनीला स्वतंत्र, कोमट इस्त्री, वर रुमाल टाकून. तापलेली इस्त्री थेट सॅटिनवर ठेवणाऱ्याला काय सांगणार?

सुरवंटाचं दुसरं कारण शिवणयंत्र. रिबिनीची एक कड वरून खाली शिवायची आणि दुसरी खालून वर, ही सगळ्यांची सवय, कारण कापड फिरवणं सोपं जातं. दोन्ही कडा उलट दिशांनी ओढल्या जातात आणि मध्ये तिरक्या सुरकुत्या पडतात. दोन्ही कडा एकाच दिशेने शिवा. त्याहून बरं म्हणजे यंत्र नकोच. कापड बोर्डावर ताणून बसवल्यानंतर सोफेवाले वापरतात तसल्या वाकड्या सुईने हाताने बारीक हेम घाला. कापड ताणलं की थोडं वाढतं, रिबीन वाढत नाही, तेव्हा जे वाढायचं ते आधी वाढून गेलेलं बरं.

ताणायचं कसं, तर खिळे-गोंद न वापरता. चौदा काउंटच्या कापडावर, म्हणजे इंचाला चौदा घरं, एकशे बारा बाय एकशे चाळीस घरांचं काम आठ बाय दहा इंच होतं. त्याभोवती अर्धा इंच मोकळी जागा, अर्धा इंच रिबीन, बाहेर पुन्हा अर्धा इंच. बोर्ड झाला अकरा बाय तेरा. मागे वळवायला चहूबाजूंनी अडीच इंच धरा, म्हणजे कापड सोळा बाय अठरा हवं, आणि हा हिशेब पहिली फुली मारण्याआधी करायचा असतो. अ‍ॅसिड-फ्री फोम बोर्ड घ्यावा. साधा पुठ्ठा काही वर्षांत कापडाला तपकिरी डाग देतो. बोर्डाच्या कडेत स्टीलच्या टाचण्या टोचून कापड अडकवायचं, सुरुवात प्रत्येक बाजूच्या मध्यातून, आणि घरांची एकच ओळ कडेला धरून चालायचं. ओळ सटकली तर हंस तिरके पोहतात. मग मागून जाड दोऱ्याने, बाज विणतात तसं, समोरासमोरच्या कडा एकमेकींत ओढून घ्यायच्या, आधी उभ्या, मग आडव्या. टाचण्या नंतर काढायच्या. गंजणाऱ्या टाचणीला एक पावसाळी रात्र पुरते.

रिबीन किती? आतला चौकोन नऊ बाय अकरा, घेर चाळीस इंच. चार कोपरे वळवायला रुंदीच्या आठ पट, म्हणजे चार इंच. सांध्याला दोन. शेहेचाळीस इंच झाले, सव्वा मीटर आणा. दुकानदार ‘मीटरभर पुरेल’ म्हणतो, त्याचं ऐकू नका. सांधा खालच्या बाजूला, मधोमध घ्या आणि त्यावर फूल बांधा.

फूल. तीन इंची फुलाला शेपट्यांसकट वेगळी पंधरा-सोळा इंच रिबीन लागते. एकाच बाजूने चमकणारी रिबीन असेल तर दुसरी पाकळी नेहमी उलटी, मळकट बाजू दाखवते. गाठीखाली रिबिनीला एक पीळ देऊन घ्यायचा, किंवा सरळ दुतोंडी सॅटिन आणायचं. आणि गाठीवर विसंबायचं नाही. सॅटिनची गाठ आणि पाहुण्यांचं ‘निघतो आता’, दोन्ही कधी सैल पडतील सांगता येत नाही. मागून दोन टाके घाला. काचेच्या चौकटीला वरून रिबिनीचा फास दिसतो तो निव्वळ देखावा असावा. वजन मागच्या तारेवर.

रिबीन चुका झाकायला वापरू नये, असं माझं ठाम, थोडं हट्टी मत आहे. किनारीची ओळ एका घराने चुकली म्हणून तिच्यावर एक इंची रिबीन फासायची आणि मग तिला शोभेल म्हणून कोपऱ्यांत चार फुलं लावायची. एवढ्यात ती ओळ उसवून झाली असती. रंगही कामात सगळ्यात जास्त असलेला घेऊ नये, दुसऱ्या नंबरचा घ्यावा, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तर ठरवूच नये.

काच लावायची तर कापडाला चिकटून नको. मध्ये माउंटची, म्हणजे जाड कागदी चौकटीची, किंवा पट्टीची फट हवी, नाहीतर पावसाळ्यात आतून ओल धरते आणि बुरशीचे ठिपके पडतात. फुलासाठी तर फट जास्तच लागते, चपटं झालेलं फूल मेलेल्या पाकोळीसारखं दिसतं. आणि भिंत निवडताना ते साडेतीनचं ऊन आठवावं. रंग उडतो.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जेन बोस्टॉक नावाच्या बाईचा सँप्लर आहे. साल घातलेल्या, आज उपलब्ध असलेल्या ब्रिटिश सँप्लरांत तो सर्वांत जुना मानतात. तिने त्यावर स्वतःचं नाव घातलं, 1598 हे साल घातलं, आणि अ‍ॅलिस ली नावाची मुलगी 23 नोव्हेंबर 1596 रोजी, मंगळवारी, दुपारी जन्मली हेही टाक्यांत लिहून ठेवलं. दुपारी, हेसुद्धा.

उजव्या खालच्या कोपऱ्यात नाव आणि साल यांना चाळीस बाय पंधरा घरं सोडावीत, आणि रिबीन त्याच्या बाहेरून न्यावी. जुन्या बैठकीतल्या ‘सुस्वागतम्’च्या चौकटी उतरवून बघितल्या तर पुढे दोन हंस असतात आणि मागे फ्रेमवाल्याच्या दुकानाचा शिक्का.