महिरपीवरचा हिरवा रंग

सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या घराच्या दाराला दोन दगडी खांब आहेत. त्यातला डावा मी बिघडवला, हे आधीच सांगून टाकतो.

दार, खांब आणि वरची महिरप सगळं काळ्या पाषाणातलं. आमच्या पिढीने तो दगड कधी पाहिलाच नव्हता, कारण त्यावर बाटलीसारखा हिरवा ऑइल पेंट होता. काकांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात तो दिलेला. त्याखाली पिस्ता रंग आणि त्याच्याही खाली चुन्याचे थर. जोत्यातून वर येणाऱ्या ओलीला ऑइल पेंट बाहेर पडू देत नाही, त्यामुळे दर पावसाळ्यात रंगाला फुगे यायचे, पोपडे पडायचे आणि दिवाळीआधी आम्ही त्यावर पुन्हा एक हात मारायचो.

गेल्या वर्षी मी ठरवलं, दगड उघडा करायचा. एका ठेकेदाराने कॉम्प्रेसर आणून वाळूचा मारा सुरू केला. दहा मिनिटांत डावा खांब स्वच्छ झाला. धूळ बसल्यावर हात फिरवला तर टाकीचे घाव गायब! कुणा पाथरवटाने तिरप्या ओळीत घातलेल्या त्या रेषांच्या जागी पांढुरका, खरखरीत पृष्ठभाग, टाकी लावून आणलेल्या जात्यासारखा. काका पायरीवरून एवढंच म्हणाले, ‘‘का बे, धुवायला सांगितलं की सोलायला?’’ काम तिथंच थांबवलं.

लेझरनेही रंग काढता येतो, हे मेहुण्याच्या ओळखीतल्या एका बाईंकडून कळलं. त्या जुन्या वास्तूंच्या संवर्धनाचं काम करतात. मशीनवाला मिळाला पुण्याचा, कारखान्यांतले टायरचे साचे आणि गंजलेले सुटे भाग साफ करणारा. एकाला मशीन कळत होतं, दुसरीला दगड. या दोघांपैकी एकालाच बोलावलं असतं तर उजवा खांबही गेला असता, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी इंटरनेटवर वाचून शहाणा झालो होतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन अ‍ॅस्मस हा अमेरिकन शास्त्रज्ञ व्हेनिसमधल्या शिल्पांच्या लेझरने त्रिमितीय प्रतिमा घ्यायला गेला. तिथं त्याच्या लक्षात आलं की त्याच किरणाने दगडावरचा काळा थर उडतो आणि खालचा पांढरा दगड तसाच राहतो. काळा थर प्रकाश पितो, तापतो आणि वाफ होऊन सुटतो. खालचा पांढरा संगमरवर बराचसा प्रकाश परतवतो, म्हणून काम आपोआप थांबतं. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस म्युझियममधल्या स्त्रीमूर्तींच्या खांबांवर अवरक्त आणि अतिनील असे दोन किरण एकत्र वापरले, कारण नुसत्या अवरक्ताने संगमरवरावर पिवळी झाक येऊ शकते. हे सगळं मी बाईंना उत्साहाने ऐकवलं. त्या म्हणाल्या, ‘‘बरोबर आहे. पण तुमचा दगड पांढरा आहे का?’’

नव्हता. इथं मळ काळा आणि दगडही काळा. किरणाला थांबायचं कुठं ते कळणार नाही, ते आपणच ठरवायचं.

पहिल्या दिवशी मशीन चालूच केलं नाही. बाईंनी उजव्या खांबाच्या तळाशी, बाकामागे झाकल्या जाणाऱ्या जागी, खडूने काड्यापेटीएवढे सहा चौकोन आखले. दुसऱ्या दिवशी प्रत्येक चौकोनावर वेगळा जोर, वेगळा वेग, किती फेऱ्या तेही वेगळं. पहिल्या दोनांत रंग नुसता करपला. तिसरा आणि चौथा छान. पाचवा मला सगळ्यांत आवडला, चांगला चकचकीत. बाईंनी घड्याळजीचं भिंग हातात दिलं. दगडातले बारीक कण वितळून काचेसारखे ठिपके झाले होते. सहाव्यात तर दगडाचा रंगच फिका पडला होता. चौकोन ओले करून पाहिले, वाळल्यावर पाहिले, रात्रभर ठेवून सकाळी परत पाहिले. शेवटी तिसऱ्याचा जोर आणि दोन फेऱ्या, असं ठरलं.

मशीन १०० वॉटचं, किरण सलग न सोडता तुटक स्पंदांत सोडणारं. किरण १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा. धोका त्यातच आहे. दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही आणि डोळ्याचं भिंग तो किरण थेट पडद्यावर गोळा करतं. वेल्डिंगची काच चालत नाही, त्या तरंगलांबीचाच चष्मा लागतो. गल्लीतली मंडळी ‘‘वेल्डिंग चाललंय काय?’’ म्हणत जमायची, एक पोरगा मोबाइल घेऊन पुढं घुसला. ऑपरेटरने मशीन बंद करून आधी त्याला बाहेर काढलं. पितळी कडीवरून परतलेला किरणसुद्धा पुरेसा असतो. आईने आडोशाला घरातल्या चादरी आणल्या होत्या. सोलापुरात आडोसा म्हटलं की चादरच सुचणार. पण त्या पेट घेऊ शकतात, म्हणून त्याने स्वतःचे जाड पडदे लावले.

दुसरी अडचण आमच्या गावाची. मे महिना, पारा ४२ वर. मशीन हवेवर थंड होणारं, चाळिशी ओलांडली की शिट्टी मारून बंद. मग पहाटे साडेपाचला सुरुवात आणि साडेनऊला आवराआवर. तडतड असा आवाज यायचा, फोडणीत मोहरी टाकल्यासारखा, आणि जळक्या रंगाचा वास.

अपेक्षा घेऊन बसलेल्यांसाठी सांगतो, सगळा रंग लेझरने काढत नाहीत. जाड ऑइल पेंटवर तो वेळखाऊ आणि धुराचा उद्योग आहे. रंग मऊ करणारी जेल लावून, वर प्लास्टिक चिकटवून, दुसऱ्या दिवशी बांबूच्या पाचरीने बहुतेक थर काढले. चुन्यावर लेझर जवळजवळ काहीच करत नाही, तो पांढरा. तो पाण्याने आणि काथ्याच्या ब्रशने गेला. लेझर उरला टाकीच्या घावांत अडकलेल्या हिरव्या रेघांसाठी आणि महिरपीच्या वरच्या काजळीसाठी. आठ दिवसांच्या कामात तो जेमतेम चौदा तास चालला असेल. मजुरी दिवसावर ठरली होती. चौरस फुटावर भाव सांगणारा माणूस घाई करतो, हे मी डाव्या खांबावर शिकलो होतो.

दाराच्या गणेशपट्टीवरून घरात वाद झाला. पिढ्यान् पिढ्यांच्या शेंदराने गणपतीचे कान कुठले नि सोंड कुठली ते कळेनासं झालंय. मला वाटत होतं, मूळ कोरीव काम दिसावं. काका म्हणाले, ‘‘त्याला हात लावायचा नाय. बाकी काय करायचं ते कर.’’ बाईंनी काकांची बाजू घेतली, पण कारण वेगळं. जुना शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. लेझर लागला की तो काळा पडतो, आणि धुरातून शिसं शरीरात जातं ते वेगळंच. पट्टीवर फळी बांधली आणि भोवती चार बोटं जागा सोडून काम केलं. काका दिवसभर खुशीत होते. शिशाचं त्यांनी ऐकलंच नाही बहुतेक.

शिसं पुढं ओट्याच्या बिडाच्या जाळीतही निघालं. वर काळा रंग, मध्ये चंदेरी आणि तळाशी जुना शेंदरी प्राइमर. धूर ओढणारं यंत्र नळीच्या तोंडाशी, ऑपरेटरच्या तोंडावर हवा गाळणाऱ्या डब्या लावलेला मास्क, पोरं आजोळी. ओटा झाडायचा नाही, ओल्या फडक्यानेच पुसायचा आणि फडकी वेगळी बांधायची. पण लोखंडावर लेझरचं काम बघण्यासारखं. गंज आणि रंग एका पट्ट्यात उडतात आणि खालून राखाडी बीड निघतं. जाळीतली वेलबुट्टी इतकी नाजूक आहे हे मला चाळिशीत कळलं.

ऑपरेटरने बजावलं होतं, उघडं लोखंड त्याच दिवशी प्राइमरखाली गेलं पाहिजे. रंगारी ‘‘आलोच’’ म्हणाला आणि आला नाही. रात्री वळवाची सर आली. सकाळी सगळ्या जाळीवर हळदीकुंकू शिंपडल्यासारखा तांबूस गंज. अर्धा दिवस आणि त्याची मजुरी पुन्हा गेली. या वेळी प्राइमर मीच मारला, धोतराच्या जुन्या फडक्याने पुसून पुसून.

दाराच्या सागवानाला ऑपरेटरने हातही लावला नाही, लाकूड करपतं. पितळी कड्यांचं विचारलं तर म्हणाला, ‘‘काकू, तुम्ही कशाने घासता?’’ आई म्हणाली, चिंचेने. ‘‘मग तेच करा.’’

आता उजवा खांब आणि महिरप गडद, किंचित निळसर दिसते. घावांत कुठं कुठं हिरवा ठिपका राहिलाय, तो बाईंनी मुद्दाम काढू दिला नाही. परवा चांगला पाऊस झाला. थांबल्यावर तासाभरात उजवा खांब वाळला. डावा दुपारपर्यंत ओलाच होता, वाळूने त्याची कातडी काढल्यामुळे तो पाणी धरून ठेवतो, धूळही. काका खुर्ची घेऊन ओट्यावर बसले होते. त्यांनी डाव्या खांबाला बोट लावून बघितलं, धोतराला पुसलं आणि म्हणाले, ‘‘याला हिरवा रंग देऊ या का बे?’’