गाण्याचा सातबारा

माझे वडील, अण्णा, तलाठी होते. मिरज तालुक्यातली पाच गावं त्यांच्याकडे होती, आणि आमच्या सोप्यात कायम कुणी ना कुणी टोपी काढून बसलेलं असायचं. नाव चढवायचंय, बोजा उतरवायचाय, चुलत्यानं परस्पर फेरफार करून घेतलाय. काही झालं तरी कागदाच्या नोकरीत पडायचं नाही, असं मी तेव्हा ठरवलं होतं. आज मी अमेरिकेत, टेनेसीतल्या नॅशव्हिलला, गाणी लिहिणाऱ्यांच्या रॉयल्टीचे हिशेब बघते.

आमचं ऑफिस म्युझिक रोवर आहे. नाव मोठं असलं तरी हा भाग म्हणजे सोळाव्या आणि सतराव्या अॅव्हेन्यूवरच्या जुन्या घरांची रांग. कुणाच्या दिवाणखान्यात स्टुडिओ, कुणाच्या माडीवर प्रकाशकाचं, म्हणजे लेखकाची गाणी गायकांपर्यंत पोचवणाऱ्याचं, ऑफिस. गाणं लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या नंबरावर गेलं की अंगणात फ्लेक्स लागतो, अगदी आपल्याकडे वाढदिवसाचा लागतो तसा. पण त्यावर लिहिणाऱ्यांची नावं ठळक असतात. गाणं कुणी लिहिलं हे रस्त्यावरून दिसणारं दुसरं गाव मी तरी पाहिलेलं नाही.

गोष्ट 2022 च्या फेब्रुवारीतली. फेब्रुवारी म्हणजे आमची सुगी. जानेवारी संपता संपता सगळ्यांचे 1099 नावाचे मिळकतीचे फॉर्म येतात, दहा डॉलरची रॉयल्टी असली तरी येतो, आणि एप्रिलच्या पंधरा तारखेपर्यंत आम्ही मान वर करत नाही. त्यात एका सकाळी साठीकडे झुकलेल्या एक बाई आल्या. काखेत बुटांचा खोका. नाव सांगत नाही, गिऱ्हाइकाचं नाव बाहेर काढू नये हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. एक कंपनी त्यांची गाणी एकरकमी विकत घ्यायला तयार होती. विकावीत का, आणि विकली तर कर किती, एवढंच विचारायला त्या आल्या होत्या. लेखकांनी मागे लागून 2006 मध्ये सवलत कायमची करून घेतली, तेव्हापासून स्वतःची गाणी विकली तर त्यावर भांडवली नफ्याचा कमी दर लागू करून घेता येतो. त्यामुळे कराचं उत्तर सोपं होतं, अर्ध्या तासाचं काम. मी खोका उघडला आणि संध्याकाळ झाली.

कातड्याचा वास, रबर लावलेले गठ्ठे, तीन कॅसेट, आणि वर एक पिवळा कागद: 1 1 4 5, खाली 6, त्याच्यापुढे उणेचं चिन्ह, मग परत 4 1 5. मी पेन्सिल घेऊन बेरीज करायला लागले.

बाई हसून हसून खोकल्या. "हनी, ते गाणं आहे."

इथले वादक स्वरलिपी बघत नाहीत, आकडे बघतात. 1950 च्या दशकाच्या शेवटी जॉर्डनेअर्स या साथगायकांच्या संघातल्या नील मॅथ्यूजनं ही पद्धत बसवली. पट्टी कुठलीही असो, सा वरचा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेला सुरांचा मेळ, 1, म वरचा 4, प वरचा 5, आणि उणे म्हणजे मायनर. ऐन वेळी गायिकेचा घसा बसला आणि पट्टी खाली घ्यावी लागली तरी कागद बदलत नाही. त्यामुळे तीन तासांच्या एका बैठकीत चार-पाच गाणी उरकतात. काळी एक नाही जमली तर पांढरी एक, आपल्या पेटीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग त्यांनी खोक्यातल्या क्रमानं स्वतःची कहाणी सांगितली, म्हणजे उलटी, वरून खाली. मी ती सरळ करून सांगते. पूर्व केंटकीतल्या खाणपट्ट्यातून 1988 मध्ये त्या इथे आल्या. 1991 ला पहिला अल्बम, 1993 ला दुसरा. एक गाणं यादीत पस्तिसाव्या नंबरापर्यंत चढलं आणि तिथेच थकलं. पुढच्या वर्षी रेकॉर्ड कंपनीनं करार संपवला. त्या दोन अल्बमचं विवरण मी समोर धरलं. इतक्या वर्षांनीही शिल्लक उणे. आगाऊ दिलेली रक्कम, स्टुडिओ, व्हिडिओचा वाटा, दौऱ्याची बस, सगळं गायिकेच्या खात्यावर चढवलेलं, आणि ते फिटेपर्यंत तिच्या हाती काही पडत नाही. पदरचे भरावे लागत नाहीत हे खरं. पण "इतर हक्क"च्या रकान्यात सोसायटीचा बोजा पिढ्यान्‌पिढ्या तसाच दिसत राहावा, तसा तो आकडा होता.

"मग लिहायला लागलात?"

"लिहीत होतेच. फक्त स्वतःसाठी लिहायचं थांबवलं."

कारण त्यांनी मोठं काही सांगितलं नाही. मुलगी शाळेत जायला लागली होती, आणि गिटार घेऊन गावोगावच्या रेडिओ स्टेशनांत, मीटिंगच्या टेबलाशी बसलेल्या पाच माणसांपुढे गाऊन दाखवायचा त्यांना वीट आला होता. त्यातून दोन बायकांची गाणी लागोपाठ लावायची नाहीत हा तिथला न लिहिलेला नियम. 2015 मध्ये एका रेडिओ सल्लागारानं तर कंट्री म्युझिकमधल्या, म्हणजे इथल्या गावाकडच्या बाजाच्या गाण्यांतल्या, गायिकांना उघडपणे सॅलडमधल्या टोमॅटोची उपमा दिली, मधूनच एखादी फोड टाकावी तशी, आणि गदारोळ झाला. बाईंना त्याचा राग नव्हता. "निदान तोंडावर तरी बोलला," म्हणाल्या.

लिहिण्याची नोकरी म्हणजे प्रकाशक दर महिन्याला उचल देतो, आणि तुम्ही सकाळी दहा-अकराला कॉफीचा मग घेऊन एका खोलीत दोन अनोळखी माणसांबरोबर बसायचं. दुपारपर्यंत गाणं व्हायला हवं. खोलीत जितकी माणसं तितके सारखे वाटे हा इथला रिवाज, मग एकानं आख्खा मुखडा दिलेला असो की दुसऱ्यानं एकच शब्द. भाऊबंदकीच्या गावातून आलेल्या माझ्यासारखीला हे पचायला वेळ लागला.

अशाच एका तिघांच्या गाण्यानं त्यांचं घर झालं. 1996 मध्ये एका मोठ्या गायिकेनं ते घेतलं आणि ते पहिल्या नंबरावर गेलं. तेव्हा लेखनाचा दर होता प्रतीमागे 6.95 सेंट. दहा लाख प्रती खपल्या असं धरलं तर 69,500 डॉलर, त्याचे तीन वाटे, त्यातला अर्धा प्रकाशकाचा. बाईंच्या हाती साडेअकरा हजारांच्या आसपास. खरा पैसा आला तो रेडिओचा. अमेरिकेत रेडिओ स्टेशन गाणं वाजवल्याचे पैसे लेखकाला आणि प्रकाशकाला देतं. गाणाऱ्याला एक सेंटही नाही. माझ्या तोंडून हे ऐकून नवखे गायक दर वेळी पुन्हा विचारतात, नक्की ना? आणखी एक गंमत. गायिकेनं स्वतःचं गाणं स्वतःच्या अल्बमवर गायलं तर करारातल्या एका कलमामुळे लेखनाचा दर बहुधा पाऊण पटच मिळतो. तेच दुसरीनं गायलं तर पुरा. बाईंनी आयुष्यात केलेला बदल कलमाच्या भाषेत मांडला तर एवढाच होता.

खोक्यातल्या एका कॅसेटची प्रत त्यांच्या फोनवर होती. त्या तिघांच्या गाण्याचा डेमो, म्हणजे गायकांना ऐकवायचा नमुना, त्यांच्याच आवाजातला, आणि त्याचा अर्धा खर्च त्यांच्याच खात्यावर टाकलेला. आधी तो लावला, मग गाजलेलं रेकॉर्ड. "दुसऱ्या ओळीकडे लक्ष दे." डेमोत शेवटच्या शब्दाआधी एक छोटा श्वास होता, मध्येच, नको त्या जागी. रेकॉर्डमध्ये बरोबर तिथेच तो श्वास. समीक्षकांनी म्हणे त्या थांबण्याची वाखाणणी केली होती.

"मला सर्दी झाली होती," बाई म्हणाल्या. फोन उलटा ठेवला. पुढे बराच वेळ बोलल्या नाहीत.

मी कागदांकडे वळले. मला दुसरं काही सुचलं नाही.

तळाशी पहिल्या अल्बमचं मुखपृष्ठ होतं. मागच्या बाजूला गाण्यांची यादी आणि बारीक अक्षरात लेखक. चौथ्या गाण्यापुढे एकच नाव, आणि ते ना बाईंचं आजचं, ना कॅसेटवरचं. विचारलं, तर ते पहिल्या नवऱ्याचं आडनाव, तेही चुकीच्या स्पेलिंगनं. गाणं प्रकाशकाशी करार होण्याआधीचं, म्हणजे पूर्ण मालकी त्यांची. अल्बम बुडाला तसं तेही बुडालं असं त्या धरून चालल्या होत्या. पण दोन-तीन वर्षांपूर्वी एका तरुण पोरानं ते शोधून पुन्हा गायलं होतं, आणि त्यांची नात ते तिच्या फोनवर ऐकायची.

2018 च्या कायद्यानं इथे एक संस्था उभी राहिली, मेकॅनिकल लायसन्सिंग कलेक्टिव्ह. नॅशव्हिलमधलीच. 2021 च्या जानेवारीपासून स्ट्रीमिंगचे लेखनाचे पैसे ती गोळा करून वाटते. सुरुवातीलाच स्ट्रीमिंग कंपन्यांनी तिच्याकडे सुमारे 42 कोटी 40 लाख डॉलर जमा केले. हे सगळे ज्यांचे मालक सापडत नव्हते अशा गाण्यांचे पैसे. त्यांची नोंदवही कुणालाही उघडून बघता येते. मी चुकीचं स्पेलिंग टाकलं. गाणं सापडलं. लेखक: चुकलेलं नाव. दावा केलेला हिस्सा: शून्य.

मला आमचा सोपा आठवला. जमीन कसतोय एक, उतारा भलत्याच्या नावानं, आणि अण्णा चष्मा कपाळावर सरकवून विचारतायत, "पुरावा काय आणलाय?"

पुरावा होता. अल्बमचं मुखपृष्ठ, कॉपीराइट कार्यालयाचं प्रमाणपत्र, घटस्फोटाचा हुकूम. बाईंची तीन नावं निघाली: माहेरचं, पहिल्या नवऱ्याचं, आणि रेकॉर्ड कंपनीनं पोस्टरवर बरं दिसतं म्हणून चिकटवलेलं. प्रत्येक नावाला लेखकांच्या आंतरराष्ट्रीय यादीत वेगळा क्रमांक असू शकतो. ते जोडण्यात दुपार गेली. जाता जाता वकिलाला फोन करून 1996 च्या गाण्याचंही विचारलं. प्रकाशकाला दिलेला हक्क 35 वर्षांनी परत मागता येतो, म्हणजे इथे 2031 पासून, आणि तशी नोटीस दहा वर्षं आधीपासून देता येते. विकत घेणाऱ्या कंपनीनं हे कुठे लिहिलं नव्हतं. वकील म्हणाला, सध्या कशावरही सही करू नका.

"यातलं कुठलं नाव ठेवायचं?" मी विचारलं. बाईंनी पोस्टरवरचं नाव उच्चारलं, मान हलवली. दुसरं घेतलंच नाही. माहेरचं नाव त्यांनी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, जसं मी माझं आडनाव इथे रोज सांगते.

हिस्सा या चौकटीत मी 100 भरलं. त्यांनी स्क्रीन आपल्याकडे फिरवायला सांगितली. बाकी सगळ्या गाण्यांवर 33.33, कुठे 25, कुठे 50. हे एकच पुरं. चष्मा चढवून पाहिलं, फोनवर फोटो काढला, नातीला पाठवला.

मग उठल्या. सगळे कागद माझ्याकडेच ठेवले, पण खोका रिकामा करून परत मागितला. घरी बूट उघड्यावर पडलेत म्हणाल्या.