पानावरचा थेंब
काल संध्याकाळी रस्त्यावरून उचललेला घोयरा सरडा (रंग बदलणारा शॅमेलिऑन), वन्यजीव पथक येईपर्यंत माझ्याकडे आहे. अंग काळपट, डोळे खोल गेलेले. वाटीत पाणी ठेवलं तर ढुंकूनही बघेना! पथकातल्या ताई फोनवर म्हणाल्या, "अगं, हा सहसा साचलेलं पाणी पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो." मग कुंडीतल्या झाडावर हलकेच फवारा मारला आणि लांब जाऊन बसले. हात लावायचा मोह आवरला, कारण त्याचाही त्याला ताण येतो. तब्बल २० मिनिटांनी एक डोळा माझ्याकडे, दुसरा पानाकडे वळला आणि जीभ थेंबाला टेकली. माझेच डोळे भरून आले. आता शेपटी गुंडाळून, बोटांच्या चिमट्यात फांदी घट्ट धरून झोपलाय. रंगही फिकट झालाय.