उस्ताद आणि प्रायव्हेट हारग्रोव्ह

आज दुपारी बाबांसोबत 'सी हिअर, प्रायव्हेट हारग्रोव्ह' हा अमेरिकन पिक्चर पाहिला. १९४४ चा, कृष्णधवल. म्हणजे महायुद्ध अजून चालूच होतं तेव्हाचा. शार्लट शहरातला एक तरुण पत्रकार, हारग्रोव्ह, सक्तीच्या भरतीत फोर्ट ब्रॅगच्या लष्करी तळावर जातो आणि प्रशिक्षणात सतत घोळ घालून स्वयंपाकघराच्या ड्युटीवर जाऊन पडतो. (हारग्रोव्ह खराच होता. त्याचं १९४२ चं पुस्तक तिकडे तुफान खपलं होतं.)

बाबा स्वतः फौजेतले. इंग्रजी संवाद त्यांना अर्धेच कळत होते, पण सार्जंट ओरडायला लागला की ते माझ्या आधी हसत. "उस्ताद सगळीकडे सारखेच रे!" (उस्ताद म्हणजे फौजेत कवायत शिकवणारा.) मग पिक्चर थांबवून त्यांच्या रगड्याची, म्हणजे फौजेतल्या शिक्षेची, गोष्ट सुरू: बूट नीट चमकले नाहीत म्हणून रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या. पन्नासदा ऐकलीये मी ती. आज मात्र पहिल्यांदाच हसत सांगितली.

प्रेमकथेचा भाग मला जरा लांबल्यासारखा वाटला. बाबांना नाही. नायिका डोना रीड पडद्यावर आली की चहाचा कप हातात तसाच. आई आतून म्हणाली, "त्या शिपायाला म्हणावं, आमचीही भांडी राहिलीत."