टीएलडी बॅजचा जुना नंबर मिळवताना: माझा अनुभव

2025 च्या जूनमध्ये मी ठाण्याचं हॉस्पिटल सोडून वाशीला जॉइन झाले. मी कॅथ लॅब टेक्निशियन, म्हणजे जिथे एक्स-रेखाली हृदयाची अँजिओग्राफी करतात तिथे काम. ऑफर लेटर, मेडिकल, बँक अकाउंट सगळं आठवड्यात झालं. अडकलं ते टीएलडी बॅजवर, म्हणजे आपल्या अंगावर किती रेडिएशन पडलं (डोस) ते मोजणाऱ्या बिल्ल्यावर, आणि ते आठवलं की अजूनही डोकं तापतं.

नवीन एचआर म्हणाले, मॅडम जुना नंबर राहू दे, नवीनच काढू, पटकन होईल. मी नाही म्हटलं. बॅजचा पर्सनल नंबर एकदाच मिळतो आणि नोकरी कुठेही बदलली तरी तोच चालवायचा असतो, कारण आपली डोसची मर्यादा नुसती वर्षाची नाही, पाच वर्षांची मिळून 100 मिलिसीव्हर्ट (डोस मोजायचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. नंबर बदलला की आधीचा डोस एका नावावर, पुढचा दुसऱ्या, मग बेरीज करणार कोण? सहा वर्षं मी पेशंटच्या टेबलाशेजारी उभी राहिलेय, ती अशी पुसू देणार नव्हते.

मग जुन्या हॉस्पिटलच्या चकरा. पहिल्यांदा गेले तर क्लार्क रजेवर. दुसऱ्यांदा, "तुम्ही सोडलंत ना, तुमचं नाव लिस्टमधून काढलं." अहो, नाव काढलं म्हणजे डोस गेला का? तिसऱ्यांदा आरएसओ (रेडिएशन सेफ्टी ऑफिसर) सरांची सही हवी आणि सर शनिवारीच येतात, शनिवारी गेले तर सर आले होते पण फाइल सापडेना. प्रत्येक वेळी हाफ डे टाकून वाशीहून ठाण्याची ट्रान्सहार्बर लोकल, नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मच्या त्या गर्दीतून बाहेर पडायचं आणि परत रिकाम्या हाती. बॅज नाही म्हणून इकडे लॅबमध्ये पाऊल टाकता येत नव्हतं, मला रेकॉर्ड रूमला बसवलं होतं.

त्याच दिवसांत आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला स्पेस स्टेशनवर होते, 18 दिवस. गाडीत मी त्यांचंच वाचायचे, आणि वाचता वाचता कळलं की तिथे रोजचा डोस अर्धा ते एक मिलिसीव्हर्ट असतो. आमची वर्षाची सरासरी मर्यादा 20, ती तिथे तीन ते सहा आठवड्यांत संपते! त्याहून जास्त लागलं ते हे: हंगेरीचा पिल्ले नावाचा डोसीमीटर 1980 मध्ये त्यांचे अंतराळवीर बर्तालान फारकाश सॅल्युत-6 या सोव्हिएत स्पेस स्टेशनवर घेऊन गेले होते, आणि त्यात जो क्षार तोच आमच्या बॅजमध्ये, डिस्प्रोशियम घातलेलं कॅल्शियम सल्फेट. रेडिएशन साठवतं, तापवलं की उजेड देतं, त्या उजेडावरून डोस काढतात. फरक इतकाच की पिल्लेचा रीडर तिथेच स्टेशनवर आहे, स्पेसवॉक करून आलं की तिथल्या तिथे वाचन. आणि नासा तर एका माणसाचा पूर्ण करिअरचा डोस मोजते, मर्यादा 600 मिलिसीव्हर्ट, कितीही फेऱ्या करा बेरीज एकच. मला तेवढंच हवं होतं.

हो, एक राहिलं, नोकरी सोडायच्या आधीच शेवटच्या तिमाहीपर्यंतच्या डोस रिपोर्टच्या झेरॉक्स आणि आपला नंबर लिहून घ्या, सोडल्यावर कोणी ओळख देत नाही.

पाचव्या चकरेला एक सिस्टर माझ्याबरोबर आतल्या खोलीत आल्या, बंद पडलेल्या ईसीजी मशीनखालून बॉक्स फाइल निघाली. 24 तिमाह्या, एकेक कागद. माझ्या ओळीवर बोट ठेवून मी वाचत गेले, 0.00, 0.00, 0.15, मग एका तिमाहीत 1.10. ती तिमाही आठवली, दोघं जण सुट्टीवर होते आणि मी सलग डबल ड्युटी केली होती. तिथेच उभ्याने डोळे भरून आले. सरांनी त्याच शनिवारी सही केली.

बाकी आपल्याकडे बॅज दर तीन महिन्यांनी डोस वाचणाऱ्या लॅबला जातो, तारीख चुकवू नका. ॲप्रनला अडकवून मशीनच्या खोलीत टांगून ठेवू नका, मग तुमचा नाही, ॲप्रनचा डोस येतो. कंट्रोल बॅज (तुलनेसाठीचा, कोणीच न लावायचा) तर मशीनपासून लांबच हवा, त्याचं रीडिंग सगळ्यांच्या रीडिंगमधून वजा होतं.

ऑगस्टच्या सुरुवातीला नवीन बॅज आला. कार्डावर आधी नंबर बघितला. जुनाच होता. मग छातीवर लावला, वरून लेड ॲप्रन बांधला आणि लॅबमध्ये गेले.